चाव्यांची नोंदवही

शनिवार, ९ मे २०२६. दुपारी १२.२०

हे पान मी वहीच्या सुरुवातीला मोकळं ठेवलं होतं. आज भरते आहे.

१. १८ एप्रिलला केंद्रातले सगळे २१२ उंदीर मारले गेले.
२. २५ एप्रिलला अंकुर मेला. धामणगाव रेल्वे. मान मोडलेली.
३. २ मेला देवमन मेला. वलगाव रस्ता. मान मोडलेली.
४. दोघांची नावं चाव्यांच्या नोंदवहीत होती. त्या वहीत तीनच नावं आहेत.
५. तिसरं माझं आहे.
६. ती वही मी सुरू केली.
७. ८ मार्चला मी एक वाक्य खोटं बोलले.

पुढच्या नोंदी जशा लिहिल्या होत्या तशाच आहेत. एकही शब्द बदललेला नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी

सकाळी अकोल्याहून निघाले, साडेनऊला बडनेऱ्याला उतरले. राहटगावच्या बाजूला खोली मिळाली आहे. खिडकीसमोर संत्र्याची बाग आहे आणि तोड चालू असल्यामुळे दिवसभर माणसांचा आवाज येतो. मला आवाज चालतो, माझ्याशी बोलायचं नसलं की झालं.

कर्करोग संशोधनाचं केंद्र अमरावती शहराबाहेर, वलगाव रस्त्यावर आहे. प्रमुख डॉ. शेखर, सगळे त्यांना शेखर सर म्हणतात. प्राणिगृह माझ्याकडे आलं आहे. माझ्या आधीचा व्यवस्थापक अंकुर नोकरी सोडून धामणगाव रेल्वेला वडिलांच्या अडत दुकानात बसतो. नोंदी त्याने बऱ्या ठेवल्या आहेत, अक्षर वाईट आहे.

संध्याकाळी गाडीवर गिला वडा खाल्ला. अकोल्यात असा मिळत नाही, हे मान्य करायला हरकत नाही. मी आनंदात आहे. असं मी सहसा लिहीत नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

काम समजलं. वऱ्हाडातल्या सहा स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला. त्यांच्या रक्तात जनुकांमधले सहा वेगवेगळे बदल सापडले. तेच बदल उंदरांच्या जनुकांत घातले आहेत. म्हणून उंदरांचे सहा वाण आहेत, कपाशीचे असतात तसे, आणि प्रत्येक वाणाला एका बाईचा क्रमांक. मादी चार-पाच महिन्यांची झाली की तिला गाठ येऊ लागते. मादीला स्तनग्रंथींच्या पाच जोड्या असतात. मी आठवड्यातून दोनदा प्रत्येक जोडी बोटांनी चाचपते आणि गाठ मोजते. ती कुठे सुरू होते, किती दिवसांत वाढते, एवढंच पाहायचं. पंधरा मिलिमीटरच्या पुढे गेली की मादीला मारायचं. हा नियम तिच्या भल्यासाठी आहे.

प्राणिगृहात जायला एकच दार आहे, चुंबकी कुलपाचं. आत फोन न्यायचा नाही. वीज गेली तर कुलूप चाळीस मिनिटं बॅटरीवर टिकतं, मग आपोआप सुटतं. आग लागली तर माणूस आत अडकू नये म्हणून.

हाताखाली दोन माणसं आहेत. देवमन, वय पन्नासच्या पुढे, खाणं-पाणी बघतो आणि उंदरांना शिव्या देतो. पार्बताबाई पिंजरे धुतात. त्यांची मुलगी दीपमाला म्हणजे वाण चारची बाई. आईने केंद्राचं नाव सांगितलं म्हणून ती रक्त द्यायला आली, की मुलीमुळे आईला नोकरी मिळाली, हे मी विचारलं नाही.

पार्बताबाई वाण चारचे पिंजरे सगळ्यात आधी धुतात. भुसाही जरा जास्त घालतात. मी सांगितलं की सगळ्यांना सारखा घाला. त्या म्हणाल्या, "घालतो ना मॅडम." आणि पुन्हा जास्त घातला.

सोमवार, १६ फेब्रुवारी

आज वाण चारची मादी क्रमांक ४१७ माझ्या डाव्या अंगठ्याला चावली. दात हातमोज्यातून आत गेले, रक्त आलं. धुतलं, औषध लावलं, आणि चाव्यांची नोंदवही मागितली. देवमन हसला. म्हणाला, उंदीर चावल्याची वही कोन ठेवते, मंग डासाची बी ठेवा.

अशी वही इथे नव्हती. हे चुकीचं आहे. मी आजच सुरू केली: तारीख, माणसाचं पूर्ण नाव, घरचा पत्ता, वाण, मादीचा क्रमांक, कुठे चावा. मागचे चावेही भरले. देवमनला गेल्या दिवाळीत वाण सहाची मादी चावली होती. अंकुरला फोन करून विचारलं, त्याला वाण दोनची. शेखर सरांना कधी चावली नाही. त्यांनी कधी उंदीर हातात घेतलेला नाही.

तीन नोंदी. वही दारापाशी खिळ्याला टांगली.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

वाण चारची एक जोडी अकोल्याच्या प्रयोगशाळेला पाठवली. तिथे अलीझा आहे, माझ्या वर्गातली. संध्याकाळी तिचा फोन आला. उंदीर नीट पोचले, फक्त बाहेर काढताना मादी तिच्या करंगळीला कडकडून चावली. अलीझा म्हणाली, "अमरावतीचा पाहुणचार!" आणि पोट धरून हसली. मी म्हटलं, नोंद कर. ती म्हणाली, तू अजून तशीच आहेस.

रविवार, ८ मार्च

महिला दिन. सरांनी रविवारीही सगळ्यांना बोलावलं. रक्त देणाऱ्या सहाही जणींना केंद्र दाखवायचं होतं आणि चहा-समोशांवर दुसऱ्यांदा रक्त द्यायला राजी करायचं होतं. दोघी-तिघींचं मन नव्हतं.

सहाजणी डोक्याला रुमाल बांधून आल्या. काचेतून त्यांनी आपापला वाण ओळखला. "हे माहे काय?" असं विचारायच्या, माहेरचं पोर ओळखावं तशा. मग मला कळलं की सह्या घेताना सरांनी त्यांना काय सांगितलं होतं. सर म्हणाले होते, तुमचा आजार आम्ही उंदरावर उतरवून घेतो. त्यांच्या मते दोन वर्षं त्या उंदरांवर उतारा ठेवून बसल्या आहेत.

दीपमाला चौतीस वर्षांची आहे, आशा वर्कर होती. सरळ बघून बोलते. म्हणाली, "ताई, इचारू काय? तो उंदीर मेला की मंग?"

मला खरं सांगता आलं असतं. सर पाठीमागे उभे होते, सुया तयार होत्या, दुपारचा एक वाजला होता. मी म्हटलं, तो मेला की आजारही त्याच्यासोबत जातो.

सहाही जणींनी रक्त दिलं.

जाताना त्यांनी विचारलं, मारताना त्याला त्रास होतो का. हा प्रश्न कुणी विचारत नाही. मला बरं वाटलं. मी करून दाखवलं: उंदीर पालथा ठेवायचा, मानेमागे सळई आडवी दाबायची, शेपूट धरून एकदाच, ठाम ओढायचं. मणका कवटीपासून सुटतो. एक सेकंद लागतो. अर्धवट ओढलं तर मात्र फार हाल होतात, म्हणून कचरायचं नाही.

त्या शांतपणे बघत होत्या. दीपमालाने दोनदा बघितलं.

शुक्रवार, २० मार्च

मंगळवारी वाण चारच्या अकरा माद्या मर्यादेपुढे गेल्या, त्या मी मारल्या. आज पार्बताबाई पेढे घेऊन आल्या. दीपमालाच्या तपासणीत काही सापडलं नाही, छाती स्वच्छ आहे. तिची केमोची सोळा इंजेक्शनं गेल्या महिन्यात पूर्ण झाली, हे कारण आहे. मी तसं सांगितलं. पार्बताबाईंनी माझ्या हातांकडे बघितलं. म्हणाल्या, मॅडम, हातच गुनाचे हायेत तुमचे.

मी पेढा घेतला. खोडून काढायला हवं होतं.

गुरुवार, ९ एप्रिल

दीपमालाचा आजार परत आला. यकृतात. डॉक्टरांनी पुन्हा इंजेक्शनं सुचवली आहेत, ती नको म्हणते.

दुपारी ती स्वतः आली. चेहरा पिवळा झाला आहे. रागावली नव्हती, हिशेब मांडत होती. अकरा मारले तेव्हा छाती सुटली, मग जे उरले त्यांनीच हे यकृतात ठेवलं असणार. उरलेले मारा. धाकटी तिसरीत आहे, म्हणाली. परीक्षा झाली की तिला चष्मा करायचा आहे.

सर म्हणाले, एकेका उंदरामागे दोन वर्षं गेली आहेत, शक्य नाही. मला वाटलं होतं की मी तेव्हा तरी खरं सांगेन. मी खाली बघत राहिले. सर बोलले आणि ती निघून गेली.

शनिवार, १८ एप्रिल

शनिवारी केंद्र बंद असतं. मी साडेतीनला गाठी मोजायला गेले. ४४ अंश, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. प्राणिगृहाचं दार विटेला टेकवून उघडं ठेवलं होतं.

फरशीवर पांढरं प्लास्टिक अंथरलेलं. त्यावर सहा रांगा, वाणानुसार. २१२. मी दोनदा मोजले. नर, माद्या, कालची पिल्लं. एकही चेंगरलेला नव्हता. प्रत्येकाची मान नेमकी त्याच जागी सुटलेली. वाण चारच्या रांगेत सुरुवातीच्या पाच-सहांच्या नाकातोंडातून रक्त आलं होतं, शेपटीची कातडी सोलून हातात आलेली. पुढे हात बसत गेला होता. शेवटचे शंभर मी मारल्यासारखे होते.

माझी सळई धुऊन स्टँडला लावलेली होती.

एका पिल्लाची मान त्या सळईला फार लहान पडली असावी. ते अजून हलत होतं. मी ते संपवलं.

सर पोलिसांत जायला तयार नाहीत. परवाना जाईल. दार पार्बताबाईंनीच उघडलं असणार, तरी त्या कामावर नेहमीसारख्या येणार आहेत, कारण त्यांना काढलं तर त्या बोलतील.

सोमवार, २० एप्रिल

खिळ्यावर वही नाही. बाकी एकही कागद हललेला नाही. देवमनला विचारलं. त्याने चेष्टा केली, उंदरं घेऊन गेले असतीन मॅडम, जाता जाता.

माझ्याकडे नक्कल आहे. मी प्रत्येक कागदाची नक्कल ठेवते.

रविवार, २६ एप्रिल

अंकुर गेला. काल दुपारी, धामणगाव रेल्वेला, अडत दुकानामागच्या गोदामात. पोत्यांची थप्पी अंगावर कोसळली म्हणतात.

त्याच्या बहिणीशी फोनवर बोलले. ती म्हणाली, पोती पाठीवर होती आणि पाय उघडे होते. दोन्ही घोट्यांची कातडी निघालेली होती, मोजा काढावा तशी.

मी विचारलं, मानेवर काही. ती म्हणाली, आडवा वळ.

बुधवार, २९ एप्रिल

पार्बताबाई देवमनला सांगत होत्या. वाण दोनची बाई शनिवारपासून जेवते. बसून जेवते. सूज उतरली.

मी त्यांना बाजूला घेऊन खरं सांगितलं. उंदरात बदल घातला, आजार नाही. आजार कुणाकडून कुणाकडे जात नाही, चाव्याने तर नाहीच. मी खोटं बोलले होते. शब्द नेमके वापरले.

त्यांनी ऐकून घेतलं. पिंजरे धूत राहिल्या. रिकामे पिंजरे. मग म्हणाल्या, "आता काहून असं बोलून राहिल्या मॅडम? भेव वाटते काय?"

रविवार, ३ मे

देवमन. काल. वलगाव रस्त्याच्या नालीत. ट्रकने उडवलं असं लिहिलं आहे.

शवागारात ओळख पटवायला मी गेले, त्याच्या घरचं कुणी वेळेत पोचेना. ट्रकचं काहीच नव्हतं. तोंडात माती होती, म्हणजे पालथा दाबलेला. मानेमागे आडवा वळ, अंगठ्याएवढा जाड, पहारीचा असावा. दोन्ही टोकांना जास्त खोल, म्हणजे दोन बाजूंनी दोघी उभ्या होत्या. घोटे सोललेले. ओढणाऱ्या निदान दोन. पहिल्यांदा जमलं नाही. वळ दोन आहेत. एकावर एक नीट बसलेले नाहीत.

तो खूप वेळ जिवंत असणार.

त्याच्या मुठीत कापड होतं. डोक्याला बांधतात त्या रुमालाचं.

मंगळवार, ५ मे

पोलिसांना सांगितलं. ठाण्यातले साहेब ऐकत होते, मग विचारलं, म्हणजे कॅन्सरच्या बायकांनी? आणि शेजारच्याकडे बघितलं. सरांना फोन लावला. सर म्हणाले, मुलगी एकटी राहते, उन्हाचा त्रास आहे.

वाण सहाची बाई सुधारते आहे. डॉक्टरांनी औषध बदललं होतं. कारण ते आहे. ते आहे.

गुरुवार, ७ मे

अंगठ्यावरची खूण. दोन ठिपके. पूर्ण भरलेले. मी रोज बघते — हे लिहायचं कारण नाही.

वाण दोन, वाण सहा. शनिवार, शनिवार.

शनिवारी दुपारच्या गाडीने अकोला. नक्कल केंद्रातल्या कपाटात आहे. ती घेतल्याशिवाय कुणी विश्वास ठेवणार नाही. सरांचा निरोप आला, शनिवारी अकराला या, मी असेन, नक्कल घेऊन सोबत वरच्या साहेबांकडे जाऊ.

शनिवार, ९ मे. १२.४०

अकराला पोचले तेव्हा सरांची गाडी नव्हती. फाटक उघडं होतं.

नक्कल घेतली. वळले तर पार्बताबाई आणि मागे तिघी. एकीच्या हातात पहार, साडीच्या पदरात गुंडाळलेली. कुणीतरी माझा पाय धरला. मी चपलेच्या टाचेने तोंडावर मारलं, दात तुटल्याचा आवाज आला, ती पडली, रुमाल सुटला, डोकं — लहान मुलासारखं डोकं. मी आणखी एकदा मारलं. गरज नव्हती.

प्राणिगृहात आले. आतून कुलूप लावलं, आता ते बाहेरून उघडत नाही. फोन बाहेर, कपाटात, आल्याआल्या सवयीने ठेवलेला. नियमाप्रमाणे.

१.१०

दीपमाला जाड, न फुटणाऱ्या काचेसमोर खुर्ची घेऊन बसली आहे. पोट फुगलेलं, हात काड्या. डोळे पिवळे. तिने कुणाला तरी खूण केली. दिवे गेले. बॅटरीचा आवाज सुरू झाला. दर दहा सेकंदांनी एक.

चाळीस मिनिटं. १.५०.

१.२२

ती बोलते. पिंजरे देण्याघेण्याच्या अरुंद खिडकीतून नीट ऐकू येतं. रागाने नाही.

"तुले तरास नाही होनार ताई. तूच तं शिकवलं. देवमनभाऊच्या येळेस चुकलं आमचं. आता नाही चुकत."

मी ओरडून सांगितलं, मी खोटं बोलले होते. आजार जात नाही.

ती म्हणाली, दोघी सुधरल्या ना. तू मार्चमधी खरं बोलली, आता खोटं बोलून राहिली. जीव सगळ्याइलेच प्यारा असते.

तिच्या जागी मी असते तर —

१.३१

पार्बताबाई विचारतात, चार नंबरचं अजून कोठी काही उरलं हाय काय. कुठेही. एक बी.

पिंजरे रिकामे. सळई माझ्या हातात आहे. त्या पाचजणी.

अकोला.

मी आजार जातो असं मानत नाही. त्या मानतात. मी अलीझाला चिठ्ठीत फक्त एक प्रश्न विचारणार आहे. प्रश्नाने कुणी मरत नाही. जिवंत जोडी असेल तर त्यांना उंदीर पुरतील, माणूस लागणार नाही. दुसरी ओळ लिहायची गरज नाही. लिहिली. नोंद पूर्ण हवी.

१.३९

कागद पिंजऱ्यांच्या खिडकीतून बाहेर सरकवला. दीपमालाने वाचला. दुसरी ओळ बोट ठेवून वाचली. आईला वाचून दाखवली.

पार्बताबाई म्हणाल्या, "मंग दोघी हायेत म्हना."

दोघी.

१.४५

आवाज आता दर दोन सेकंदांनी. कुलपाच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं चाळीस मिनिटं. बॅटरी जुनी आहे. मी बदलायला लिहिलं होतं, मार्चमध्ये —

त्या उठल्या. दीपमालाला दोघींनी धरलंय. पायाकडे तीच येणार.

कागदाची नक्कल:

अलीझा,
१. फेब्रुवारीत पाठवलेली वाण चारची जोडी जिवंत आहे का?
२. मादी तुझ्या करंगळीला चावली होती, ते तू वहीत लिहिलंस का?
तुझं पूर्ण नाव आणि घरचा पत्ता याच कागदामागे लिही.
उत्तर सोमवार, ११ मेपर्यंत दे. पार्बताबाई स्वतः येऊन घेऊन जातील. त्या आल्या की दार —